कमरी अलायन्स : पहिला नंबर आला, पण बढती नाही

साइडलाइन

हल्ली आपल्याकडे वेल्सचं फुटबॉल म्हटलं की रेक्समच निघतं. दोन अभिनेत्यांनी २०२१ मध्ये क्लब विकत घेतला, २०२३ पासून लागोपाठ तीन वर्षं बढती, मालिका निघाली, जर्सी बांद्र्याच्या फुटपाथवरही दिसायला लागल्या असतील. छान आहे. पण रेक्सम खेळतो इंग्लंडच्या व्यवस्थेत. मला लिहायचंय ते रेक्समच्या अवतीभवतीच्या गावांच्या लीगबद्दल. तिचं नाव कमरी अलायन्स. १९९० ला सुरू झाली, २०१९ च्या उन्हाळ्यात संपली. मी इथे सीमेवर राहतो, तिची शेवटची काही वर्षं मैदानावर उभं राहून पाहिलीत, आणि मराठीत तिच्यावर एक ओळ सापडत नाही म्हणून हा धागा.

आधी भूगोल, कारण सगळी भानगड तिथेच सुरू होते. उत्तर वेल्सचा मोठा रस्ता म्हणजे ए५५. तो किनाऱ्याने पूर्व-पश्चिम धावतो आणि थेट इंग्लंडात नेऊन सोडतो. दक्षिणेकडे जायचं तर मध्ये डोंगर. बँगोरहून लिव्हरपूल जवळ पडतं, कार्डिफ हा स्वतःच्याच देशाचा राजधानीचा गाव लांब पडतो. ए४७० ने दिवस मोडतो. त्यामुळे फुटबॉलच्याही चुली वेगळ्या. दक्षिणेत वेल्श फुटबॉल लीग, १९०४ पासूनची परंपरा. उत्तरेत मात्र किनाऱ्याची एक लीग, रेक्सम भागाची एक, मध्य वेल्सची तिसरी, असे तुकडे. त्या तुकड्यांमधले वरचे क्लब उचलून १९९० मध्ये कमरी अलायन्स उभी राहिली. पहिले विजेते फ्लिंट टाउन युनायटेड, दुसऱ्या वर्षी काइरसूस.

दोनच वर्षांत, १९९२ ला, वेल्सच्या फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय लीग काढली आणि कमरी अलायन्स दुसऱ्या पायरीवर आली. म्हणजे दक्षिणेचा विजेता आणि उत्तरेचा विजेता दोघे वर जाणार, वरचे तळाचे दोघे खाली येणार. कागदावर एवढं सोपं.

प्रत्यक्षात विजेता वर जाईलच याची खात्री कधीच नव्हती. २००५-०६ चे विजेते ग्लानत्राइथ. अँगलसी बेटावरच्या खेड्याचा क्लब, मैदान शेतांच्या मधोमध. त्या वर्षी पोर्थमॅडॉग, कार्नार्वन असले शहरी क्लब वरच्या लीगमध्ये, आणि खालच्या लीगचा चषक या खेड्यात. बढती? नाही. मैदान निकषात बसत नव्हतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी दक्षिणेचा विजेता गोयत्रे युनायटेडही वर गेला नाही, आणि पुढच्या मोसमात राष्ट्रीय लीग १८ ऐवजी १७ संघांनिशी खेळली. जागा रिकामी ठेवली, पण यांना बसवलं नाही.

दहा वर्षांनी, २०१५-१६ ला, कार्नार्वन टाउनने लीग जिंकली. हे काही खेडं नाही. किल्ल्याचं गाव, रस्त्यावर वेल्श भाषा ऐकू येते, ओव्हल मैदानावर पिवळ्या जर्सीतले ढोल बडवणारे लोक. यांनाही वरच्या लीगमध्ये खेळायचा परवाना मिळाला नाही. दुसऱ्या क्रमांकाचे केव्हन ड्रुइड्स वर गेले. कार्नार्वनने २०१७-१८ ला पुन्हा जिंकून दाखवली तेव्हा कुठे दार उघडलं.

माझं म्हणणं सरळ आहे. या लीगचा इतिहास गोलांपेक्षा खुर्च्या, दिवे आणि फायलींचा आहे. आणि ती बंद पडली तीसुद्धा मैदानात हरून नाही, फेररचनेच्या एका निर्णयाने.

---

भरतीओहोटी

मस्त विषय. वाचनखूण साठवली. दोन बाळबोध प्रश्न, हसू नका. स्वान्सी, कार्डिफ, रेक्सम इंग्लंडमध्ये खेळतात, मग वेल्सला वेगळी लीग हवीच कशाला होती? आणि हे क्लब नेमके कसले? पगारी खेळाडू की हौशी?

---

साइडलाइन

@भरतीओहोटी, बाळबोध कसले, मूळ प्रश्नच तो आहे.

वेल्सची संघटना १८७६ ची, जगातल्या सगळ्यात जुन्या तीनांपैकी एक. खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळात इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या जोडीने तिला कायमची जागा. पण देशाला स्वतःची लीगच नाही, तर हा वेगळा देश कशाला मोजायचा, असं कोणीतरी एक दिवस विचारेल ही भीती होती. म्हणून १९९२ चा आटापिटा. संघटनेचे सचिव अ‍ॅलन इव्हान्स यांनी हुकूम काढला: इंग्लंडच्या खालच्या लीगांत खेळणाऱ्यांनी परत यायचं. मोठ्यांना हात लावला नाही. आठ क्लबांनी ठाम नकार दिला: बँगोर सिटी, बॅरी, कार्नार्वन, कोल्विन बे, मर्थर, न्यूपोर्ट, न्यूटाउन, रिल. त्यातले काही नंतर वळले. न वळलेल्यांना वेल्समध्ये घरचे सामने खेळायला बंदी! न्यूपोर्टचा संघ ग्लॉस्टरमध्ये भाड्याच्या मैदानावर ‘घरचे’ सामने खेळायचा. १९९५ ला कोर्टाने क्लबांच्या बाजूने निकाल दिला.

यात रिलची गंमत. त्यांनी होकार कळवायला उशीर केला, तोवर वरच्या लीगच्या जागा भरल्या होत्या. म्हणून हा इतका जुना क्लब थेट कमरी अलायन्समध्ये. १९९३-९४ ला जिंकून वर गेला.

पगाराचं म्हणाल तर बहुतेक अर्धवेळ. आठवडाभर नोकरी, दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. एअरबसचा क्लब तर सरळसरळ कारखान्याचा. ब्रॉटनला एअरबस विमानांचे पंख तयार होतात, कारखान्याला लागून धावपट्टी, आणि धावपट्टीला लागून फुटबॉलचं मैदान. त्यामुळे तिथले प्रकाशझोताचे खांब खाली-वर होणारे आहेत. सामना असला की वर, विमानं असली की खाली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवसाउजेडी पोचलो, बघतो तर खांबच नाहीत. मला वाटलं संध्याकाळचा सामना रद्द झाला.

---

कोरडाडोळा

म्हणजे गोल मारून चॅम्पियन व्हायचं आणि खुर्च्या मोजून नापास व्हायचं. आपल्या शाळा-तपासणीची आठवण झाली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

हिशेबनीस

लेख आवडला, पण सूर एकतर्फी वाटला. मी कार्डिफला असतो, हिशेबाच्याच धंद्यात. परवाना म्हणजे कारकुनी छळ, हे चित्र बरोबर नाही. परवान्यात खुर्च्यांबरोबर ताळेबंदही बघतात, प्रशिक्षकाची पात्रताही बघतात, मुलांचे संघ आहेत का तेही. आणि ते का बघावं लागतं याचं उत्तर तुमच्याच भागात आहे.

बँगोर सिटी. १९६२ ला युरोपीय कप विनर्स करंडकात इटलीच्या नापोलीला घरी २-० हरवणारा क्लब. नेपल्समध्ये ३-१ हरले, बाहेरच्या गोलचा नियम तेव्हा नव्हता, म्हणून तिसरा सामना लंडनला आर्सेनलच्या हायबरीवर, तिथे २-१ ने गेले. १९८५ ला अ‍ॅटलेटिको माद्रिदशी खेळले. हा क्लब २०१७-१८ ला राष्ट्रीय लीगमध्ये दुसरा आला आणि आर्थिक निकषांवर परवाना नाकारल्यामुळे कमरी अलायन्समध्ये ढकलला गेला. तेव्हा किती आरडाओरडा झाला! पुढे काय झालं? मालक बदलले, खेळाडूंचे पगार थकले, २०२१ ला संघटनेने निलंबन केलं, २०२२ ला क्लब लीगमधून बाहेर. म्हणजे २०१८ चा नकार हा छळ होता की वेळेवर वाजलेली घंटा?

रिलचंही तेच. २००८-०९ चे राष्ट्रीय विजेते, २०१० ला परवाना नाही, खाली. २०२० च्या एप्रिलमध्ये क्लब गुंडाळला.

गोल मारता येतात म्हणून उधारी माफ होत नाही.

---

साइडलाइन

@हिशेबनीस, ताळेबंदाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. बँगोरचं सगळं आम्ही इथून बघत होतो, वाईट वाटायचं. चाहत्यांनी २०१९ लाच वाट वेगळी केली आणि बँगोर १८७६ नावाने स्वतःच्या मालकीचा क्लब काढून तळाच्या लीगपासून सुरुवात केली. रिलच्या लोकांनीही २०२० ला तेच केलं.

पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच फाइलीत घातल्यात. बँगोर आणि रिल पैशाने बुडाले. ग्लानत्राइथकडे कोणाची उधारी होती म्हणून त्यांना अडवलं नव्हतं, अडवलं मैदानावरून. एवढ्याशा गावाने स्टँड बांधायचा कशासाठी, तर एखाद्या मोसमापुरतं वर जायला? आणि पुढच्या वर्षी खाली आले तर त्या रिकाम्या खुर्च्यांचं करायचं काय?

मैदानांच्या निकषांची अजून एक गंमत सांगतो. लॅन्डिड्नोने २०१४-१५ ला कमरी अलायन्स जिंकली, वर गेले, पहिल्याच वर्षी तिसरे आले आणि थेट युरोपा लीगच्या पात्रता फेरीत. प्रतिस्पर्धी स्वीडनचे गोथेनबर्ग, यूएफा करंडक दोनदा जिंकलेला क्लब. तिकडे ५-० हरले, घरी २-१. ‘घरी’ म्हणजे कुठे? बँगोरच्या नॅन्टपोर्थ मैदानावर. २०२४ ला कार्नार्वनने बेलफास्टच्या क्रुसेडर्सना पेनल्टीवर हरवलं, पुढच्या फेरीत पोलंडच्या लेगिया वॉर्सा संघाने दोन सामन्यांत मिळून ११ गोल घातले, तेही ‘घरी’ खेळले नॅन्टपोर्थलाच. थोडक्यात, युरोपात जायची वेळ आली की शेजारचं मैदान चालतं. मग ग्लानत्राइथला एका मोसमासाठी शेजारचं मैदान का चालू नये?

---

पंचगंगाकाठ

कोल्हापूरहून रामराम. धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, सगळे तालमी-मंडळांचे संघ. पेठेतल्या पोरांचा संघ, पेठेतलेच प्रेक्षक, सामना असला की संध्याकाळी रस्ते रिकामे. पण केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) वरिष्ठ गटाचे सामने होतात एकाच ठिकाणी, शाहू स्टेडियमला. त्यामुळे कुठल्याच तालमीला कोणी विचारत नाही की बाबा तुझा स्टँड कुठाय. साइडलाइनराव म्हणतात ते तंतोतंत हेच झालं की. एक चांगलं मैदान करा आणि वापरा सगळे.

तोटाही आहे म्हणा. पोरांना स्वतःच्या पेठेत सामना बघायला मिळत नाही, आणि एका मैदानावर एवढे सामने झाले की गवताची वाट लागते.

ते पिवळ्या जर्सीवाले ढोल कोणते वाजवतात? हलगी पाठवू का?

---

मांडवीतीर

गोव्यात वेगळीच कथा. इथे मैदानं चांगली, क्लबही जुने, पण २०१६ ला वरच्यांनी रचना बदलायचं ठरवलं आणि साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. फेररचनेत आपली जागा कोणीतरी दुसरंच ठरवतं, हा भाग ओळखीचा वाटला. मुंबईकरांनी महिंद्रा युनायटेड आठवावा. कारखान्याचा क्लब, २०१० ला बंद. एअरबस टिकलाय याचं म्हणूनच अप्रूप.

साइडलाइन, फेररचनेबद्दल जरा विस्ताराने लिहा ना. लीग नक्की का मोडली?

---

साइडलाइन

@पंचगंगाकाठ, हलगी पाठवाच. ओव्हलवाल्यांना आवडेल.

@मांडवीतीर, दोन टप्प्यांत झालं. पहिला २०१० चा. राष्ट्रीय लीग १८ वरून १२ संघांवर आणली. थोडे संघ, चांगले सामने, असा हिशेब. त्यामुळे वरून अर्धा डझन क्लब खाली आले आणि त्यातले उत्तरेचे पडले कमरी अलायन्सच्या पदरात. त्यानंतरची पाच-सहा वर्षं माझ्या मते या लीगचा सुवर्णकाळ. केव्हन ड्रुइड्स दुसऱ्या पायरीवर असताना २०१२ च्या वेल्श कपच्या अंतिम सामन्यात पोचले. राष्ट्रीय लीगमधल्या टीएनएसकडून २-० हरले, पण टीएनएस लीगही जिंकले होते, म्हणून कपवाली युरोपा लीगची जागा ड्रुइड्सना. म्हणजे देशाच्या दुसऱ्या पायरीवरचा, तोही प्रादेशिक लीगचा क्लब, फिनलंडच्या मायपा संघाशी रेक्समला ०-० बरोबरीत! परतीला ५-० झाले ते सोडा. पुढच्याच मोसमात रिलने एकही सामना न हरता लीग जिंकली.

ड्रुइड्सचं त्या काळातलं मैदान बघण्यासारखं. नावच ‘द रॉक’. जुन्या दगडखाणीत बांधलंय, एका बाजूला प्रेक्षकांऐवजी सरळ उभा कडा. त्या बाजूला मारलेला चेंडू दगडावर आपटून परत यायचा, आणि तो थ्रो-इन कोणाचा यावर दर वेळी वाद व्हायचा, जणू कड्यानेच शेवटचा स्पर्श केलाय.

दुसरा टप्पा २०१९ चा. संघटनेने दुसरी पायरी स्वतःच्या हातात घेतली. उत्तरेत कमरी नॉर्थ, दक्षिणेत कमरी साउथ, १६-१६ संघ, आणि त्यासाठीही प्रमाणपत्र. उत्तरेत कमरी अलायन्सची जागा संपली. दक्षिणेत १९०४ च्या परंपरेच्या वेल्श फुटबॉल लीगचा वरचा विभाग गेला आणि वर्षभराने उरलेलीही गेली. तिसऱ्या पायरीवर आता ‘अर्दाल’ नावाच्या विभागीय लीगा आहेत. त्या लोंढ्यात किनाऱ्यावरची वेल्श अलायन्सही २०२० ला बुडाली.

कमरी अलायन्सचे शेवटचे विजेते एअरबस. आणि त्या शेवटच्या मोसमाची यादी पाहा: बँगोर, रिल, पोर्थमॅडॉग, फ्लिंट, प्रेस्टॅटिन. एकेकाळी राष्ट्रीय लीग जिंकलेले, युरोपात खेळलेले, वेल्श कप उचललेले. दुसऱ्या पायरीच्या लीगला इतकी वजनदार यादी क्वचित मिळते.

---

हिशेबनीस

फेररचनेची दुसरी बाजूही मांडा. जुन्या लीगा स्वतंत्र समित्या चालवायच्या. एकीचे नियम एक, दुसरीचे दुसरे. बढतीच्या वेळी दर वर्षी गोंधळ. आता उत्तर-दक्षिण एकच नियमपुस्तक. कोल्विन बे २०१९ ला इंग्लंडची व्यवस्था सोडून परत आला तो याच नव्या रचनेत. १९९२ ला जो हुकुमाने आला नाही तो सत्तावीस वर्षांनी आपण होऊन आला. २०२३ ला वरच्या लीगमध्येही गेला. काहीतरी बरोबर केलं असेल ना?

---

साइडलाइन

कोल्विन बेचा मुद्दा मान्य. दमदार आहे.

पण नाव बदलून खोड गेली का ते बघा. कमरी नॉर्थचा पहिलाच मोसम, २०१९-२०. कोविडमुळे अर्ध्यात थांबला, सामन्यामागच्या गुणांच्या सरासरीवर विजेते ठरले प्रेस्टॅटिन. वर कोण गेलं? फ्लिंट. कारण प्रेस्टॅटिनला परवाना नाही. हा तोच प्रेस्टॅटिन, ज्याने २०१३ ला वेल्श कप जिंकून युरोपात लातव्हियाच्या लिएपाया संघाला बाहेर काढलं होतं.

ज्यांना हे सगळं किरकोळ गावकी वाटतंय त्यांच्यासाठी एक शेवटचं. १९९२-९३ ला ही लीग कोणी जिंकली? लॅन्सँटफ्रेड नावाच्या सीमेवरच्या खेड्याने. वर गेले, १९९६ ला वेल्श कप जिंकला, पोलंडच्या रुख खोझुफशी युरोपात खेळले, मग एका संगणक कंपनीचं नाव घेऊन टोटल नेटवर्क सोल्युशन्स झाले. कंपनी विकली गेल्यावर आद्याक्षरं तीच ठेवून द न्यू सेंट्स. तेच हे टीएनएस. २०१६ ला लागोपाठ २७ सामने जिंकून आयाक्सचा १९७२ चा विक्रम मोडला, २०२४ ला कॉन्फरन्स लीगच्या मुख्य फेरीत. आता ते खेळतात ऑस्वेस्ट्रीला, म्हणजे इंग्लंडात! रेक्सम वेल्समध्ये राहून इंग्लंडच्या लीगमध्ये, टीएनएस इंग्लंडमध्ये राहून वेल्सच्या लीगमध्ये. त्या खेड्याला १९९३ ला कोणी खुर्च्या मोजून अडवलं असतं तर वेल्सला आजचा सगळ्यात यशस्वी क्लब मिळालाच नसता.

---

कोरडाडोळा

हिशेबनीस, यावर काय म्हणणं?

---

हिशेबनीस

म्हणणं हेच की तेव्हाचे निकष सैल होते आणि एक टीएनएस निघाला. सैल निकषांत बुडालेले किती निघाले तेही मोजावं लागेल. पण प्रेस्टॅटिनचं उदाहरण बोचलं, कबूल. निकष सांगून क्लबांना दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी, तोवर शेजारचं मैदान चालवून घ्यावं, एवढ्यावर मी तडजोड करायला तयार आहे. ताळेबंदाला मात्र सूट नाही.

---

भरतीओहोटी

छान चाललंय. दंडवत दोघांना. पुढच्या वर्षी बहिणीकडे मँचेस्टरला यायचा बेत आहे. एकच सामना बघायचा झाला तर कुठला बघू? रेक्समची तिकिटं मिळत नाहीत म्हणे.

---

साइडलाइन

रेक्समचा नाद सोडा. कार्नार्वनला जा. मँचेस्टरहून रेल्वेने बँगोरपर्यंत, तिथून बस. आदल्या दिवशी क्लबच्या पानावर वेळ तपासा, कारण टीव्हीसाठी सामने शुक्रवार रात्रीवर सरकतात आणि पाऊस फार झाला तर मैदान बघून सकाळीच रद्द करतात. तिकीट दारात मिळतं. किल्ला दुपारी उरकून घ्या, मग ओव्हल. ढोलवाल्यांच्या बाजूला उभे राहा, वेल्श कळली नाही तरी शिव्या कुठल्या ते बरोबर कळतं. बरोबर जाडं जॅकेट आणा, मेन्साय सामुद्रधुनीवरून येणारं वारं मे महिन्यातही गारच असतं.

आणि पंचगंगाकाठ हलगी देणार असतील तर सामानात जागा ठेवा.